रोम पोरांनी बुडवलं म्हणणाऱ्यांना एक प्रश्न

घराणेशाहीवर वाद पेटला की थोड्या वेळाने कुणीतरी रोम काढतोच. बघा म्हणे, एवढं मोठं साम्राज्य, बाप गेल्यावर दहा वर्षांचं पोर गादीवर बसवलं आणि पंधरा वर्षांत रोम शहर लुटलं गेलं, अजून काय पुरावा पाहिजे. मग समोरचा उसळून म्हणतो, छे, घराण्याचा काय संबंध, बाहेरच्यांना आत घेतलं, सैन्यात भरलं, म्हणून बुडालं. पुढचा तासभर दोन्हीकडून तीच ती नावं फेकली जातात, होनोरियस (तेच ते पोर) आणि त्याची कोंबडी, रोम लुटणारा गॉथांचा पुढारी अलारिक, फार तर हुणांचा राजा अटिला. गंमत म्हणजे दोन्ही पार्ट्या एकाच घराण्याबद्दल बोलत असतात, थिओडोसियसच्या, साधारण इसवी सन 379 ते 457, आणि दोघांनाही त्याची अर्धीच गोष्ट माहीत असते. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. या घराण्यातले बहुतेक बादशहा सुमार होते, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण त्यांच्या सुमारपणाने साम्राज्य बुडालं हे मला पटत नाही. उलट पश्चिमेचं साम्राज्य (तेव्हा साम्राज्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग होते) 455 पर्यंत जे काही एकत्र राहिलं त्याला धरून ठेवणाऱ्या ज्या मोजक्या गोष्टी उरल्या होत्या, त्यात हे घराणं वरच्या नंबरला होतं.

आधी ती कोंबडी बाजूला काढू, कारण तिच्याशिवाय हा वाद पुढे सरकतच नाही. गोष्ट अशी की 410 मध्ये रॅव्हेनाच्या, म्हणजे जिथे पश्चिमेचा दरबार असायचा तिथल्या, राजवाड्यात एक खोजा धावत आला आणि म्हणाला रोम गेलं, त्यावर बादशहा होनोरियसने हंबरडा फोडला की अरे आत्ताच तर माझ्या हातून दाणे खाऊन गेली. रोम हे त्याच्या लाडक्या कोंबडीचं नाव. शहर गेलंय म्हटल्यावर त्याच्या जिवात जीव आला. झकास गोष्ट आहे. पण ती लिहिली प्रोकोपियसने, घटनेनंतर जवळपास एकशेचाळीस वर्षांनी, आणि तोही पूर्वेच्या राजधानीतला माणूस. याच प्रोकोपियसने असंही लिहून ठेवलंय की होनोरियसचा भाऊ आर्केडियस याने मरताना आपल्या लहान पोराचं पालकत्व थेट इराणच्या शहाकडे सोपवलं. अशा गोष्टींवरून लोकांच्या मनात त्या राजाची इमेज काय होती ते कळतं, राजा दिवसभर काय करत होता ते कळत नाही. कोंबडीवर साम्राज्याचं निदान करणं म्हणजे पेशवाई का बुडाली हे ध चा मा वरून ठरवण्यासारखं आहे.

आता मुद्द्याचं. थिओडोसियस स्पेनमधला, लष्करी घरातला. ऑगस्ट 378 मध्ये एड्रियानोपलला डॅन्यूबपलीकडून आलेल्या गॉथ टोळ्यांनी पूर्वेचा बादशहा व्हॅलेन्सला मारलं आणि त्याच्या फौजेचा मोठा हिस्सा एका दुपारी कापून काढला, त्यानंतर पाचएक महिन्यांनी, 19 जानेवारी 379 ला, पश्चिमेचा बादशहा ग्रेशियन याने थिओडोसियसला पूर्वेची गादी दिली. म्हणजे घराण्याची सुरुवात वारशाने नाही, पडलेल्या घराला टेकू द्यायला आणलेला माणूस म्हणून झाली. तो 17 जानेवारी 395 ला मिलानमध्ये वारला तेव्हा थोरला आर्केडियस सतरा-अठरा वर्षांचा आणि धाकटा होनोरियस दहा. थोरल्याला पूर्व, धाकट्याला पश्चिम. चाळीस दिवसांनी मिलानचे बिशप अँब्रोस यांनी श्रद्धांजलीचं भाषण केलं, धाकटं पोर आणि लष्करातले लोक समोर, आणि त्यात ते जे बोलले त्याचा मतितार्थ असा की पोरांच्या वयाकडे बघू नका, सैनिकांची निष्ठा हेच बादशहाचं पिकलेलं वय. लोक हे वाक्य बिशपची गोड भाषा म्हणून सोडून देतात. मला तर त्यात पुढच्या साठ वर्षांचा सगळा करार दिसतो. तुम्ही निष्ठा द्या, तो नाव देईल, कारभार दुसरं कुणीतरी बघेल.

आणि इथेच माझा प्रश्न आहे. घराणं एक, बाप एक, दोन्हीकडे तोच करार, दोन्हीकडे पोरंच. पूर्वेचा आर्केडियस काही शूरवीर नव्हता, त्याच्या काळात लिहिणारे त्याला अर्धवट मिटलेल्या डोळ्यांचा, झोपाळू म्हणतात, आणि त्याचा कारभार आधी रुफिनस, मग युट्रोपियस नावाचा खोजा, मग बायको युडोक्सिया असं करत फिरत राहिला. तो 408 मध्ये गेला तेव्हा त्याचा मुलगा थिओडोसियस दुसरा सात वर्षांचा होता, होनोरियस बसला त्याहून लहान. हा गडी बेचाळीस वर्षं गादीवर होता. त्याचं अक्षर सुरेख म्हणून त्याला नावच पडलं होतं सुलेखनवाला, आणि कागद न वाचता सही करायची खोड इतकी की मोठी बहीण पुल्केरियाने त्याला धडा शिकवायला एक कागद सरकवला, त्याने सही ठोकली, आणि नंतर कळलं की आपण आपली बायको गुलाम म्हणून बहिणीला देऊन टाकलीये. ही पण कोंबडीच्याच जातीची गोष्ट असेल, पण माणसाचा अंदाज येतो. आता या माणसाच्या राज्यात काय झालं बघा. 413 पर्यंत पूर्वेच्या राजधानीची, कॉन्स्टँटिनोपलची, ती प्रचंड तटबंदी उभी राहिली, जी 447 च्या भूकंपात पडली तर हूण दाराशी असताना दोन महिन्यांत पुन्हा बांधून काढली, आणि जी तोफा येईपर्यंत, म्हणजे पार 1453 पर्यंत, जमिनीच्या बाजूने कुणाला फोडता आली नाही. 425 मध्ये राजधानीत सरकारी पगारावर एकतीस शिक्षकांच्या जागा काढल्या, व्याकरण, वक्तृत्व, कायदा, तत्त्वज्ञान. 438 मध्ये कॉन्स्टँटाईनपासूनचे सगळे कायदे गोळा करून सोळा भागांची संहिता जाहीर झाली आणि ती दोन्ही साम्राज्यांना लागू झाली. सही न वाचता करणाऱ्या माणसाच्या काळात! मग पोरवय आणि वारसा हेच विष असेल तर एकाला ते चढलं आणि दुसऱ्याला पचलं कसं?

याला सगळ्यात चांगलं उत्तर असं दिलं जातं की बाबा रे, पूर्वेला भूगोल मिळाला होता. आणि हे उत्तर खरं आहे. बॉस्फरसच्या पलीकडे अनातोलिया, सीरिया, इजिप्त, म्हणजे ज्या प्रांतांतून पैसा आणि धान्य येतं ते सगळे अशा जागी की डॅन्यूबकडून येणारा गॉथ किंवा हूण राजधानी ओलांडल्याशिवाय तिथे पोचूच शकत नाही. इराणशी त्या शतकात दोन छोट्या चकमकी सोडल्या तर शांतता. त्यामुळे हुणांनी बाल्कन जाळलं तरी तिजोरी भरतच राहिली, आणि हुणांची खंडणी वर्षाला 350 पौंड सोनं, मग 700, मग 440 च्या दशकात 2100 असं वाढत गेलं तरी शिव्या देत का होईना भरलं. पश्चिमेला तसं काही नव्हतं. 406 च्या शेवटच्या दिवशी ऱ्हाईन ओलांडून व्हँडल, अलान, सुएबी या टोळ्या आत आल्या आणि थेट करदात्यांच्या शेतात उतरल्या, गॉलमध्ये (आजचा फ्रान्स), तीन वर्षांत स्पेनमध्ये. उरला होता एकच सुरक्षित श्रीमंत प्रांत, उत्तर आफ्रिका, तो 439 मध्ये कार्थेजसकट व्हँडलांनी नेला. पाच-सहा वर्षांत बादशहाच्या कायद्यातच चक्क लिहून आलं की नव्या-जुन्या सैनिकांना अन्न-वस्त्र पुरवायला सुद्धा वसूल पुरत नाही, म्हणून विक्रीवर नवा कर. सरकार स्वतःच्या कायद्यात असं रडतं तेव्हा ते खरंच रडत असतं.

पण भूगोलाइतकीच महत्त्वाची एक गोष्ट आहे जी या वादात कुणी काढतच नाही, ती म्हणजे फौज कुणाच्या हातात होती. पूर्वेत एकाच दर्जाचे पाच सरसेनापती होते, दोन दरबाराजवळ, तीन सरहद्दीच्या प्रांतांत. एकाने डोकं वर काढलं तर बाकीचे चार असतात. 400 मध्ये गायनास नावाच्या गॉथ सेनापतीने राजधानी ताब्यात घ्यायचा प्रयत्न केला तेव्हा लोकांनी रस्त्यावर त्याच्या माणसांना मारलं आणि पुढचा मार त्याला फ्राविट्टा नावाच्या दुसऱ्या गॉथ सेनापतीनेच दिला. त्यानंतर कारभार पुन्हा मुलकी लोकांकडे, अँथेमियससारख्या वजीराकडे. पश्चिमेत मात्र सगळी फौज एका माणसाच्या हाताखाली. आधी स्टिलिको, मग कॉन्स्टँटियस, मग एटियस. त्यामुळे तिथे त्या एका खुर्चीसाठीच मारामारी. हा दोष वंशाचा नाही, व्यवस्थेचा आहे, आणि ही व्यवस्था पोरांनी केली नव्हती. बापाच्या शेवटच्या दिवसांत आणि तो गेल्या गेल्या ती तशी घट्ट झाली.

बापाचं निघालंच आहे तर तेही बोलून टाकू. इतिहासात तो थिओडोसियस महान आणि पोरं नालायक, असं वाटप झालंय. मला हे फार अन्यायाचं वाटतं. या महान माणसाने सहा वर्षांत दोनदा, 388 ला आणि 394 ला, पूर्वेची फौज पश्चिमेवर घालून रोमन सैनिकांकडून रोमन सैनिक मारवले. दुसऱ्या वेळी, सप्टेंबर 394 ला फ्रिगिडस नदीवर, त्याने गॉथ तुकड्या सगळ्यात पुढे घातल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांची इतकी माणसं मेली की त्या काळचा एक ख्रिश्चन लेखक दहा हजारांचा आकडा देतो आणि वर म्हणतो की बरंच झालं, गॉथ हरले हाही विजयच. आकडा सोडून द्या, पण मेलेल्यांचे भाऊबंद हे विसरतील का? अलारिक त्या लढाईत होता. पाच महिन्यांत थिओडोसियस मेला, अलारिकला मनासारखं पद मिळालं नाही, आणि बिल आलं दहा वर्षांच्या पोराच्या नावावर.

बरं, मोठा, कर्तबगार, लढाऊ माणूस निवडून गादीवर बसवला असता तर? हा प्रश्न ऐकायला फार बरा वाटतो. पण निवडणार कोण? रोममध्ये ते काम शेवटी फौजच करायची, आणि त्याचा प्रयोग झालेला होता. 235 ते 284, पन्नास वर्षं, वीसच्या वर बादशहा, बहुतेक सगळे कर्तबगार लढवय्ये आणि जवळपास सगळे आपल्याच माणसांच्या हातून मेलेले. त्या काळात गॉल वेगळं झालं, पाल्मिराने पूर्व तोडली, आणि एका बादशहाला इराणने जिवंत पकडून नेलं. दुसरा प्रयोग घराण्याचाच पण मोठ्या वारसांचा, कॉन्स्टँटाईनच्या मुलांचा. 337 ला बाप मेल्यावर काही महिन्यांत चुलते-चुलतभाऊ कापले गेले आणि तीन वर्षांत थोरला भाऊ वाटणीवरून धाकट्यावर स्वारी करायला गेला आणि मेला. याउलट आर्केडियस आणि होनोरियस यांच्यात, त्यांचे कारभारी एकमेकांचे गळे धरत असताना सुद्धा, कधी उघड युद्ध झालं नाही. आपल्याकडे हे कळायला जड जाऊ नये. नारायणरावांच्या खुनानंतर राघोबादादा होते की, वयाने मोठे, लढवय्ये, अटकेपर्यंत गेलेले. तरी बारभाईंनी 1774 मध्ये पुरंदरावर चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रं दिली, कारण त्या बाळाभोवती नाना, शिंदे, होळकर सगळ्यांना उभं राहता येत होतं आणि दादांभोवती येत नव्हतं. त्या बाळाने काय पराक्रम केला असं विचारणाऱ्याला बारभाईंचा डावच कळलेला नसतो.

आता दुसऱ्या पार्टीकडे, बाहेरचे आले म्हणून बुडालं म्हणणाऱ्यांकडे. त्यांनी ऑगस्ट 408 नीट वाचावा. स्टिलिकोचा बाप व्हँडल, घोडदळातला अधिकारी, आई रोमन. थिओडोसियसच्या पुतणीशी त्याचं लग्न, होनोरियसला त्याने एकापाठोपाठ आपल्या दोन मुली दिलेल्या. तेरा वर्षं पश्चिम त्याने सांभाळली. 408 च्या मे महिन्यात आर्केडियस वारला आणि दरबारातल्या ऑलिंपियस नावाच्या अधिकाऱ्याने, जो पक्का आतला, पक्का धार्मिक, त्याने होनोरियसच्या कानात भरलं की स्टिलिकोला आता आपल्या पोराला पूर्वेच्या गादीवर बसवायचंय. 13 ऑगस्टला पाव्हियाच्या छावणीत बादशहाच्या डोळ्यांसमोर स्टिलिकोच्या बाजूचे अधिकारी मारले गेले. स्टिलिको तेव्हा बोलोन्याला, हाताशी परकी फौज, ती म्हणत होती चला. तो गेला नाही. तो रॅव्हेनाला आला आणि चर्चमध्ये आसऱ्याला बसला. सकाळी सैनिक आले, त्यांनी बिशपसमोर शपथ घेतली की आम्हाला फक्त नजरकैदेचा हुकूम आहे. तो बाहेर पडला, तशी दुसरी चिठ्ठी निघाली, देहदंडाची. त्याची माणसं तलवारी उपसून धावली, त्यांना त्यानेच दटावून मागे फिरवलं आणि 22 ऑगस्टला मान पुढे केली. त्यानंतर इटलीतल्या शहरांत रोमन सैनिकांनी काय केलं तर रोमच्याच फौजेत नोकरीला असलेल्या परक्या शिपायांच्या बायकापोरांची कत्तल. ते शिपाई उठले आणि अलारिकला जाऊन मिळाले, झोसिमस नावाचा जुना इतिहासकार तीस हजार म्हणतो, दहा हजार धरा. त्याच हिवाळ्यात अलारिक रोमच्या वेशीवर, आणि वेढा उठवायची किंमत 5000 पौंड सोनं, 30,000 पौंड चांदी, 4000 रेशमी अंगरखे, 3000 लाल रंगवलेली कातडी आणि 3000 पौंड मिरी. हो, मिरी, आपल्या मलबारच्या किनाऱ्यावरून गेलेली. सांगायचा मुद्दा असा की या सगळ्या प्रकरणात बादशहाला दिलेला शब्द शेवटपर्यंत पाळणारा कोण निघाला? आणि सतरा वर्षांनी, 425 मध्ये, या घराण्याच्या सहा वर्षांच्या वारसाविरुद्ध हुणांची फौज घेऊन इटलीत येणारा एटियस, जो पुढे अटिलाला अडवणारा हिरो झाला, तो रोमनच होता ना?

इथे कुणी मला पकडेल, आणि बरोबर पकडेल, की स्टिलिकोला मारलं तेव्हा होनोरियस पोर नव्हता, चोविशीला आला होता. शिवाय पुढच्याच वर्षी अलारिक मागण्या कमी करत करत इतक्या खाली आला की डॅन्यूबकाठचे दोन ओसाडलेले प्रांत आणि वर्षाचं धान्य द्या, बाकी काही नको, सोनंसुद्धा नको. दरबाराने नाही म्हटलं. कारण? अधिकाऱ्यांनी बादशहाच्या डोक्याला हात लावून शपथ घेतली होती की अलारिकशी तह करणार नाही. त्यांचं म्हणणं, देवाची शपथ असती तर मोडली असती, देव दयाळू आहे, पण बादशहाच्या डोक्याची कशी मोडणार. याचा बचाव मी करणार नाही, करताच येत नाही. तसंच 454 चा सप्टेंबर. एटियस जमाखर्चाचे आकडे समजावून सांगतोय आणि पश्चिमेचा पस्तीस वर्षांचा बादशहा, होनोरियसचा भाचा व्हॅलेंटिनियन तिसरा, अचानक उठून स्वतःच्या हाताने त्याच्यावर तलवार चालवतो. एक दरबारी त्याला म्हणाला म्हणतात की तुम्ही डाव्या हाताने आपला उजवा हात तोडलात. सहा महिन्यांत, 16 मार्च 455 ला, एटियसच्या दोन माणसांनी भर मैदानात व्हॅलेंटिनियनला मारलं आणि शेजारी उभी फौज बघत राहिली. आणि सगळ्यात जड आक्षेप तर वेगळाच आहे. व्हॅलेंटिनियन लहान असताना त्याची आई गाला प्लासिडिया कारभार बघत होती, आणि तेव्हा फेलिक्स, बोनिफेस आणि एटियस हे तीन सेनापती त्या एका खुर्चीसाठी लढत बसले. 430 ला फेलिक्स मारला गेला, 432 ला बोनिफेस आणि एटियस इटलीतच आमनेसामने आले, बोनिफेस जखमेने मेला. याच वर्षांत, 429 पासून, व्हँडलांचा राजा गायसेरिक आपल्या लोकांना घेऊन आफ्रिकेत उतरून पुढे सरकत होता. पोर गादीवर नसतं तर ही वर्षं वाचली असती का?

मला वाटतं नसती वाचली, उलट आणखी महाग पडली असती. तीन सेनापती एका सेनापतिपदासाठी लढले तर बाजू बदलता येते, समझोता करता येतो, एटियस हरल्यावर पळून गेला आणि वर्षभराने परत येऊन कामाला लागला. तेच तिघं बादशाहीसाठी लढले असते तर हरणाऱ्याला जिवंत ठेवायची सोयच नसते, आणि प्रत्येकजण सरहद्दीवरची सगळी फौज घेऊन रोमकडे निघाला असता. होनोरियसच्या काळात हे झालेलंही आहे. ब्रिटनमधून तिसरा कॉन्स्टँटाईन, स्पेनमध्ये मॅक्सिमस, ऱ्हाईनवर जोव्हिनस, आफ्रिकेत हेराक्लियन, रोममध्ये अलारिकने बसवलेला अट्टालस. यातले काही होनोरियसपेक्षा शंभर पटीने बरे सैनिक होते. सगळे संपले, आणि हा कोंबडीवाला 423 मध्ये अंथरुणात मेला. का? कारण इटलीतली फौज थिओडोसियसच्या पोराला सोडून दुसऱ्याला बादशहा म्हणायला तयार नव्हती, आणि अडचणीत पूर्वेकडून पुतण्याची मदत येत होती. 410 मध्ये अगदी वेळेवर हजारो सैनिक जहाजांतून रॅव्हेनाला उतरले म्हणून तो टिकला. 425 मध्ये तर पूर्वेने पूर्ण मोहीम काढून सहा वर्षांच्या व्हॅलेंटिनियनला गादीवर बसवलं. एकाच घरातले होते म्हणून.

आणि या रक्ताची किंमत शत्रूंना आपल्यापेक्षा जास्त कळत होती. जानेवारी 414, नार्बोन, इंगेनियस नावाच्या तिथल्या एका बड्या माणसाचं घर. गॉथांचा राजा अथाउल्फ रोमन पोशाखात, शेजारी थोड्या उंच आसनावर राणीच्या थाटात गाला प्लासिडिया, थिओडोसियसची मुलगी, होनोरियसची सावत्र बहीण, जिला गॉथांनी रोमहून पकडून आणलं होतं. नवरदेवाकडून आहेर म्हणून रेशमी कपड्यांतले पन्नास तरुण, प्रत्येकाच्या हातात दोन ताटं, एकात सोनं, एकात रत्नं, आणि हे सगळं रोम लुटून आणलेलंच. मंगलाष्टकांच्या जागी लग्नाचं गाणं म्हणायला कोण तर अट्टालस, तोच, माजी बादशहा. पुढे मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं थिओडोसियस. होनोरियसला तोवर मूल नव्हतं, म्हणजे अथाउल्फ काय बघत होता ते उघड आहे. पोर जगलं नाही, बार्सिलोनाला चांदीच्या पेटीत पुरलं. अथाउल्फचा खून झाला, आणि 416 मध्ये प्लासिडियाला सहा लाख मापं धान्य मोजून परत आणलं. मग सेनापती कॉन्स्टँटियसला तीच हवी होती, आणि तिला नको असताना 417 मध्ये लग्न लावून दिलं. तिच्या मुलीने, होनोरियाने, अटिलाला अंगठी पाठवली तर त्याने हुंडा म्हणून अर्धी पश्चिम मागितली. व्हॅलेंटिनियन मेला तशी त्याच्या जागी बसलेल्या पेट्रोनियस मॅक्सिमसने पहिलं काम काय केलं, तर त्याच्या विधवेशी लग्न. गायसेरिकने 455 मध्ये रोम चौदा दिवस लुटलं आणि जाताना त्या विधवेला आणि दोन मुलींना घेऊन गेला, थोरलीचं लग्न आपल्या पोराशी लावलं. पूर्वेत पुल्केरियाने, जिने कौमार्याचं व्रत घेतलं होतं, 450 मध्ये एका निवृत्तीला आलेल्या लष्करी अधिकाऱ्याशी, मार्सियनशी, फक्त नावापुरतं लग्न केलं आणि तो बादशहा झाला. घराणं कुचकामी होतं तर इतके लोक त्यात घुसायला का मरत होते?

455 नंतर पश्चिमेत पोरवारस नाही, घराणं नाही. एकवीस वर्षांत नऊ बादशहा. त्यातला मेजोरियन तर या वादातल्या सगळ्यांच्या स्वप्नातला माणूस, तरणा, लढाऊ, कायदे करणारा, फौजेच्या पुढे चालणारा. चार वर्षं टिकला. 461 मध्ये त्याच्याच सेनापतीने, रिकिमरने, पकडून मारला. कुणी म्हणेल तोवर तिजोरीच रिकामी होती, कोण आलं असतं तरी तेच झालं असतं, घराण्याचा शेवट आणि साम्राज्याचा शेवट जवळजवळ आले म्हणून एकाला दुसऱ्याचं कारण म्हणू नका. हा आक्षेप मी बऱ्यापैकी मान्य करतो. हेही मान्य की पूर्वेने पश्चिमेसाठी सगळ्यात मोठं आरमार काढलं ते 468 मध्ये, जेव्हा दोन्हीकडे हे घराणं उरलं नव्हतं, आणि ते गायसेरिकने जाळलं. पण मग तोच न्याय उलटा पण लावा. घराणं संपल्यावर बुडालं म्हणून घराण्याने तारलं असं म्हणता येत नसेल, तर घराणं असताना लुटलं गेलं म्हणून घराण्याने बुडवलं असं तरी कसं म्हणणार? निदान एवढं तर दिसतं की गायसेरिकने 442 च्या तहाखाली तेरा वर्षं थोडीफार गप्प बसून काढली, पोराचं लग्न व्हॅलेंटिनियनच्या मुलीशी ठरवलं होतं, आणि व्हॅलेंटिनियन मेला तसं म्हणाला तह त्याच्याशी होता, संपला.

आणि हे रक्त त्यानंतरही खपत होतं. 512 मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये दंगल झाली, लोकांना बादशहा अनास्तेशियस नको होता, तर जमाव कुठे गेला? अनिसिया जुलियानाच्या वाड्यावर, तिच्या नवऱ्याला बादशहा करायला, कारण ही बाई व्हॅलेंटिनियन तिसऱ्याची नात. नवरा शहाणा, आधीच पळून गेला होता. आफ्रिकेत व्हँडलांच्या गादीवर 523 मध्ये हिल्डेरिक आला, तो पण व्हॅलेंटिनियनचा नातू, त्या पळवून नेलेल्या थोरल्या मुलीचा. 530 मध्ये त्याच्या भाऊबंदाने, गेलिमरने, त्याला कैदेत टाकलं. पूर्वेच्या बादशहाला, जस्टिनियनला, आफ्रिका हवीच होती, फक्त निमित्त पाहिजे होतं. 533 मध्ये त्याचा सेनापती बेलिसारियस फौज घेऊन उतरला तेव्हा कारण सांगितलं ते हेच, की कायदेशीर राजाला हटवलंय.